नक्षी कापायची मशीन घ्यायची का? आधी एवढं बघा



मागच्या मासिक बैठकीत उंब्रजच्या एका समूहानं कर्जमागणीचा ठराव मांडला. कारण लिहिलं होतं, 'लाकडाची नक्षी कापायची स्क्रोल सॉ मशीन'. त्या समूहातल्या एका वहिनींच्या घरी सुतारकाम आहे. मालक दारं-खिडक्या करतात आणि वहिनी गेली दोन वर्षं हाताच्या बारीक करवतीनं दारावरच्या नावाच्या पाट्या आणि देवघराच्या महिरपी कापून देतात. बैठकीत कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. मशीनवर दोन मिनिटांत गणपती कापून निघाला. सगळ्याजणी खूश! तेवढ्यात मागं बसलेल्या आक्का म्हणाल्या, "पोरी, त्यो गणपती निघाला खरा. पर मशीन बिघडली तर न्यायची कुठं? आन हप्ता कुणी भरायचा?"

मला उत्तर देता आलं नाही. समाजकार्याच्या पदवीला करवत नव्हती. मी महिनाभराची मुदत मागून घेतली, कराडला दोन-तीन दुकानं फिरले, वहिनींच्या शेडमध्ये बसले आणि एका ओळखीच्या कारागिराच्या मशीनवर स्वतः कापून बघितलं. पहिल्या दिवशी सहा पाती मोडली. त्यातून जे कळलं ते या पाठात लिहिते आहे.

ज्यांनी शिलाई मशीन चालवली आहे, त्यांना ही मशीन लवकर समजते. शिलाई मशीनची सुई जशी एका जागी वर-खाली होते आणि आपण कापड फिरवतो, तसंच इथं पातं वर-खाली होतं आणि आपण फळी फिरवायची. मिनिटाला साधारण ४०० ते १६०० वेळा पातं हलतं. सुईला नंबर असतो तसा पात्यालाही असतो. दोऱ्याचा ताण असतो तसा पात्याचा ताण असतो. कापड दाबायचा पाय असतो तसा फळी दाबायचाही एक पाय असतो. मोटर लहान, बहुतेक घरगुती मशीनला १०० वॅटच्या आसपास, म्हणजे आपल्या मिक्सरपेक्षा कितीतरी कमी. वीजबिलाची काळजी नको, बाकीच्या गोष्टींची करा.

दुकानात गेल्यावर 'स्क्रोल सॉ' असंच सांगा. नुसतं 'नक्षी कापायची मशीन' म्हटलं की पुष्कळदा जिगसॉ पुढं करतात. ती हातात धरून चालवायची, मोठ्या प्लायवूडला चांगली, पण नावातल्या बारीक वेलांट्या तिच्यानं होत नाहीत. आणि लाटणं, भातुकली, भोवरा असलं गोल काम करायचं असेल, तर त्याला लेथ लागतो. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी भातुकली बघून एखादीला वाटेल की आपणही हे स्क्रोल सॉवर करू. तर तसं नाही. स्क्रोल सॉ फक्त सपाट फळीतून आकार कापते.

निवडताना सगळ्यात आधी काय बघायचं? रंग नाही, कंपनी नाही, पातं कसं अडकवतात ते बघायचं. पाती दोन प्रकारची येतात. एका प्रकारात दोन्ही टोकांना आडवी पिन असते. ती अडकवायला सोपी, म्हणून स्वस्त मशीनला बऱ्याचदा तीच असतात. पण अक्षराच्या आतला भाग कापायचा, म्हणजे 'व' किंवा 'क'च्या पोटातलं भोक काढायचं, तर आधी गिरमिटानं भोक पाडून पातं त्यातून ओवावं लागतं. पिन जाण्याइतकं भोक मोठं होतं आणि बारीक अक्षरात ते शोभत नाही. बिनपिनचं सपाट पातं मात्र एक-दीड मिलिमीटरच्या भोकातून जातं. दुसऱ्या तालुक्यातल्या एका समूहानं फक्त पिनची पाती घेणारी मशीन आणली. मराठी अक्षरांत पोटं किती असतात ते तुम्हीच मोजा. ती मशीन आता झाकून ठेवली आहे. म्हणून दोन्ही प्रकारची पाती बसतील, निदान बिनपिनची तरी बसतील, अशीच मशीन घ्या. पातं बहुतेक सगळ्या मशीनला ५ इंचीच लागतं, त्यामुळं पाती दुसऱ्या दुकानातूनही आणता येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग कमी-जास्त करायचं बटण. ते नसेल तर घेऊ नका. शिकताना हळू वेग लागतोच. तिसरी गोष्ट, थरथर. दुकानदाराला मशीन चालू करायला सांगा आणि टेबलावर पाण्यानं भरलेला पेला ठेवून बघा. पाणी सांडायला लागलं तर रेषेवर पातं कसं राहणार? घरी आणल्यावरसुद्धा मशीन जड बाकाला नट-बोल्टनं पक्की करा, खाली रबराचा तुकडा घाला. पत्र्याच्या हलत्या टेबलावर चांगली मशीनही वाईट कापते. पात्यापासून मागच्या खांबापर्यंतची जागा १६ इंच असली की आपल्या पाट्यांना पुरते.

आता वापर. पातं बसवताना दाते खाली तोंड करून पाहिजेत. उलटं बसलं की फळी पात्याबरोबर उडायला लागते. माझी पहिली दोन पाती अशीच गेली. ताण किती द्यायचा हे बोटानं छेडून कळतं. सतारीच्या तारेसारखा बारीक, स्वच्छ आवाज आला पाहिजे, भदभद नको. फळी अर्धा इंच ते पाऊण इंच जाड असेल तर ५ नंबरचं पातं घ्या. पातळ प्लायला २ किंवा ३ नंबर, इंचभर जाड लाकडाला ७ ते ९.

रेघ कागदावर काढून कागद फळीवर चिकटवा आणि वरून साधी पारदर्शक चिकटपट्टी लावा. हे मला कारागिरानं सांगितलं तेव्हा हसू आलं, पण पट्टीमुळं लाकूड खरंच कमी जळतं. मग फळी दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरा आणि पात्याला खाऊ द्या. ढकलू नका. माझी उरलेली चार पाती ढकलण्यामुळंच मोडली. पातं थोडं एका बाजूला ओढतं, प्रत्येक पात्याची ती खोड असते. त्यामुळं फळी किंचित तिरकी धरावी लागते. अर्ध्या तासात हात बसतो. टोकदार कोपऱ्यावर फळी पुढं न नेता जागेवरच गोल फिरवायची.

टेबल पात्याशी काटकोनात आहे का ते रोज बघा. गुण्या लावा. गुण्या नसेल तर जाड लाकडाच्या ठोकळ्यात थोडा काप घ्या, ठोकळा पाठीमागं फिरवा आणि पातं मागून त्याच कापात सरळ शिरतं का बघा. शिरलं नाही तर टेबल तिरकं आहे. पाटीची अक्षरं वर एक आणि खाली एक आकाराची होतील.

पातं किती टिकतं? सागाच्या फळीवर अर्धा-पाऊण तास चाललं तरी ठीक समजा. एमडीएफवर त्याहून कमी, कारण त्यातल्या रासायनिक डिंकानं दाते लवकर बोथट होतात. कड काळी पडायला लागली, जोर लावावा लागला, की पातं बदला. बोथट पात्यानं दहा रुपये वाचवताना दोनशे रुपयांची फळी जाते. पाती डझनानं घ्या आणि त्यांचा खर्च हिशेबाच्या वहीत वेगळा लिहा. बहुतेकजणी इथंच चुकतात, मशीनचा हप्ता धरतात आणि पाती विसरतात.

देखभाल फार नाही, पण रोजची आहे. काम संपलं की प्लग काढायचा, पात्याचा ताण सैल करायचा, ब्रशनं भुसा झाडायचा. पातं धरणारे जबडे गुळगुळीत झाले की पातं सटकतं, तेव्हा त्यांना बारीक पॉलिश पेपर घासा. टेबलाला मेण चोळलं की फळी लोण्यासारखी फिरते आणि पावसाळ्यात गंजही धरत नाही. तेल कुठं द्यायचं ते पुस्तिकेत असतं. पुस्तिका इंग्रजीत असेल तर मुलांकडून वाचून घ्या आणि मराठीत लिहून भिंतीला लावा. मोटरचे कार्बन झिजले की मशीन अडखळते. ते बदलून मिळतात का हे मशीन घेतानाच विचारा, बिलावर लिहून घ्या. आक्कांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

पदर खोचा, केस बांधा, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत टाका. हातमोजे घालू नका, ते पात्यात ओढले जातात. पातं बदलताना प्लग काढलेलाच हवा. प्लग तीन पिनचा आणि घराला अर्थिंग पाहिजे. आणि नाकाला मास्क, पदर नाही. पदरातून बारीक भुसा आत जातो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं कर्करोगाच्या कारणांत धरलं आहे. म्हणून स्वयंपाकघरात किंवा पाळणा असलेल्या खोलीत ही मशीन नको. पडवी नाहीतर शेड बघा.

आता हप्ता. समजा मशीन १६,००० रुपयांना पडली आणि महिन्याला १,५०० रुपये हप्ता बसला. एका पाटीमागं लाकूड, पाती, रंग जाऊन १०० रुपये उरत असतील, तर नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला १५ पाट्या हव्यात. मजुरी त्यानंतर. उंब्रज, मसूर, चाफळ मिळून तेवढ्या पाट्यांची मागणी येते का? लेसरवर कापलेल्या एमडीएफच्या पाट्या शहरात स्वस्त मिळतात, त्यांच्याशी भावात भांडू नका. आपलं काम जाड, अस्सल लाकडाचं आहे, तेच गिऱ्हाईकाला दाखवा. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत चार नमुने मांडून बघता येतील.

अंगणवाडीसाठी खेळणी करायचं काहीजणींच्या मनात आहे. तिथं थांबा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. केंद्राच्या हस्तकला आयुक्तालयाकडं नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. आधी ती नोंदणी, मग खेळणी.

पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, सुतार आणि खेळणी बनवणारेही त्यात येतात. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत आणि ५ टक्के व्याजानं पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज मिळू शकतं. पण एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंदणी होते. मुद्रासारखं कर्ज थकलेलं असेल तरी अडचण येते. नोंदणी कुणाच्या नावावर करायची हे घरात बसून बोला. मालकांकडं अवजारं आहेत आणि नक्षी वहिनी कापतात, तर मला विचाराल तर वहिनींचं नाव जावं. माझं हे मत बैठकीत सगळ्यांना पटलं नाही, तेही सांगते.

ठराव सध्या असा झाला आहे. कर्ज तीन महिने पुढं ढकललं. तोवर हाताच्या करवतीवरच ऑर्डर घ्यायच्या, प्रत्येक पाटीचा खर्च आणि विक्री लिहायची. महिन्याला १५ पाट्या सलग गेल्या तर समूह मशीनसाठी अर्ज करणार. पहिल्या महिन्यात ९ गेल्या. वहिनींची वही पुढच्या बैठकीत बघायला ठेवणार आहोत. ज्यांना कापून बघायचं असेल त्यांनी वीतभर लांबीची, गाठ नसलेली फळी सोबत आणावी.