पाळकसाहेब तीन महिने रजेवर गेले, तर मंडळीचं काय?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत इंडियानापोलिसला असते. तिच्या मंडळीचे पाळक जूनपासून तीन महिने रजेवर आहेत. आजारी नाहीत, शिकायला गेलेले नाहीत, पगारही चालू आहे. मुलगी म्हणते, याला ‘सबॅटिकल’ म्हणतात आणि त्यातून पाळकाइतकंच मंडळीचंही आत्मिक नवीकरण होतं. आमच्या पास्टोरेट कमिटीत मी हे सांगितलं, तर एक वडील म्हणाले, “मेंढपाळच रजेवर गेला, तर मेंढरांनी काय करायचं?” मला उत्तर देता आलं नाही. पाळकाच्या विश्रांतीने मंडळी नवी कशी होते? आणि आपल्याकडे हे जमेल का?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, सलाम. तुमच्या कमिटीतल्या वडिलांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पवित्र शास्त्रात तिला भक्कम आधार आहे. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस देवाच्या सान्निध्यात राहिला आणि तेवढ्यात खाली लोकांनी अहरोनाला गाठून सोन्याचं वासरू करून घेतलं. पुढारी प्रार्थनेला वर गेला आणि मंडळी मूर्तीपुढे नाचू लागली, असं निर्गमचा ३२ वा अध्याय सांगतो.

पण तो अध्याय सावकाश वाचून पाहा. आपल्याला मिसर देशातून मोशेने बाहेर आणलं, असं लोक म्हणतात. सुटकेचं श्रेय त्यांनी मनातल्या मनात आधीच माणसाला देऊन टाकलं होतं. तो माणूस दिसेनासा होताच रिकाम्या जागी काहीतरी बसवणं त्यांना भाग पडलं. मोशे छावणीतच थांबला असता, तर हा रोग झाकून राहिला असता, बरा झाला नसता. आणखी एक गोष्ट आहे, ती २४ व्या अध्यायात. जाताना मोशेने अहरोन आणि हूर यांना नेमलं खरं, पण कोणाचा तंटा असेल तर त्याने त्यांच्याकडे जावं, एवढ्यापुरतंच. या दिवसांत लोकांनी स्वतः काय करायचं, याचा तिथे उल्लेख नाही. अमेरिकेतल्या ज्या मंडळ्या ही रजा नीट देतात, त्या पाळकाच्या प्रवासाइतकाच विचार मागे राहणाऱ्यांच्या तीन महिन्यांचा करतात. तुमच्या मुलीच्या बोलण्याचा अर्थ तो आहे.

या रजेचं मूळ लेवीयच्या २५ व्या अध्यायात आहे. सहा वर्षं पेरणी करायची आणि सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, असा तो नियम. विद्यापीठांनी तो उचलला. हार्वर्डने १८८० मध्ये प्राध्यापकांसाठी अशी रजा सुरू केली. अमेरिकेत चर्चनेही पुढे तो रिवाज जवळ केला. तुमची मुलगी ज्या शहरात राहते, तिथलीच लिली एंडोमेंट ही १९३७ साली स्थापन झालेली संस्था पाळकांच्या अशा रजेसाठी मंडळ्यांना अनुदान देते. बरीच वर्षं या अनुदानाची कमाल मर्यादा ५०,००० डॉलर होती आणि त्यातले १५,००० डॉलरपर्यंत मंडळीने स्वतःच्या नवीकरणासाठी व पाळकाच्या गैरहजेरीतल्या खर्चासाठी वापरायचे, अशी सोय होती. मला ही वाटणी फार महत्त्वाची वाटते. पैसा देणाऱ्यानेच गृहीत धरलं आहे की रजा दोघांची आहे.

पाळकाला ती का लागते, हे मंडळीतल्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही, कारण त्याचं काम त्यांना एकेक प्रसंगापुरतं दिसतं. आपल्या घरची माती झाली त्या दिवशी ते आले, प्रार्थना केली, गेले. त्याच दिवशी सकाळी ते दवाखान्यात कोणाच्या तरी उशाशी बसले होते आणि संध्याकाळी त्यांना एका साखरपुड्यात हसतमुखाने उभं राहायचं होतं. सगळ्यांना रविवार असतो, त्यांना नसतो. दर आठवड्याला व्यासपीठावरून बोलायचं असल्यामुळे शास्त्र उघडलं की पहिला विचार येतो, यातून उपदेश काय निघेल? स्वतःसाठी वाचणं कधी सुटलं, हे त्यांचं त्यांनाच कळत नाही. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता. तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं आणि दोनदा जेवू घातलं; होरेबवरचा संवाद त्यानंतरचा. हा क्रम आपण लक्षात घेत नाही.

युजीन पीटरसन यांची हकीगत यासाठी सांगण्यासारखी आहे. बायबलचा ‘द मेसेज’ हा बोलीतला इंग्रजी अनुवाद त्यांचा. त्याआधी ते मेरीलँड राज्यात, बाल्टिमोरजवळच्या बेल एअर या गावी, एका प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. ही मंडळी त्यांनीच १९६२ मध्ये सुरू केली आणि १९९१ पर्यंत सांभाळली. सुरुवातीच्या काही वर्षांतच मीटिंगांनी त्यांच्या संध्याकाळी खाऊन टाकल्या. एकदा त्यांची लहान मुलगी गोष्ट ऐकायला आली. आज मीटिंग आहे, असं त्यांनी सांगताच तिने सलग किती रात्री बाबा घरी नाहीत, ते मोजून दाखवलं. त्याच संध्याकाळी ते वडिलांच्या सभेत जाऊन म्हणाले, मला राजीनामा द्यायचा आहे. वडिलांनी विचारलं, तुम्हाला खरं करायचं आहे तरी काय? उत्तर साधं होतं : प्रार्थना, वाचन, घाईविना लोकांना भेटणं, तयारीने उपदेश करणं. मग चर्चचा कारभार आम्ही पाहतो, असं वडील म्हणाले, आणि ते शिकायला पाळकांनाही वेळ लागला, वडिलांनाही.

पुढे ऐंशीच्या दशकात, वीसेक वर्षांच्या सेवेनंतर, पीटरसन पुन्हा कोरडे पडले. या वेळी त्यांनी राजीनाम्याऐवजी वर्षभराची रजा मागितली. पती-पत्नी मोंटाना राज्यात फ्लॅटहेड सरोवराकाठी, पीटरसन यांच्या वडिलांनी बांधलेल्या घरात जाऊन राहिले. मागे मंडळी नीट चालली. परत आल्यावर त्यांनी जे लिहिलं, त्याचा सारांश असा की, मंडळीला कळलं, पाळकावाचून आपण उभे राहू शकतो. आणि पाळकाला कळलं, आपली सतत गरज भासली नाही तरी आपण पाळकच आहोत. त्यानंतरही ते काही वर्षं त्याच मंडळीत राहिले.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या दुसऱ्या भागात सापडतं. पाळक आणि मंडळी यांच्यात नकळत एक व्यवहार तयार होतो. मंडळी म्हणते, आमच्या वतीने तुम्ही प्रार्थना करा, तुम्ही वाचा, आजाऱ्यांना तुम्ही भेटा. पाळकालाही ते गोड लागतं, कारण आपल्याशिवाय पान हलत नाही ही भावना कोणालाही गोडच लागते. दोघेही एकमेकांवर प्रेम करत असतात आणि दोघेही खुजे राहतात. तीन महिन्यांची रजा हा व्यवहार मोडते. संडे स्कूलच्या बाईंना एका रविवारी उपदेश करावा लागतो. ज्या वडिलांनी आयुष्यभर फक्त हिशेब पाहिले, त्यांना एखाद्या विधवेच्या घरी प्रार्थना करायला जावं लागतं आणि आपल्याला शब्द सुचतात, हे त्यांना तिथे कळतं. सर्व विश्वासणारे याजक आहेत, ही प्रॉटेस्टंट मंडळ्यांची जुनी शिकवण. ती अनुभवायची वेळ एरवी येतच नाही.

आपल्याकडे जमेल का? अगदीच परकी गोष्ट नाही. कॅथलिक बांधवांच्या १९८३ च्या धर्मसंहितेत ५३३ वं कलम धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना वर्षाला एक महिन्यापर्यंत रजा देतं आणि रिट्रीटचे दिवस त्यात धरत नाही. आपल्या मिशनरी साहेबांना काही वर्षांच्या सेवेनंतर फर्लो मिळायची. अहमदनगर-सोलापूरचे मिशनरी मायदेशी जात, तेव्हा इथला कारभार आपल्या माणसांवर येत असे. सीएनआय किंवा मेथॉडिस्ट मंडळ्यांत काही वर्षांनी बदली होते, म्हणून वेगळी रजा कशाला, असं कोणी म्हणेल. बदली म्हणजे विश्रांती नव्हे. सामान बांधा, मुलांच्या शाळा शोधा, नव्या माणसांची नावं पाठ करा आणि पहिल्याच रविवारी उभे राहा, असं ते असतं.

डॉलरची वाट पाहू नका. अडचण पैशापेक्षा धाडसाची आहे. मे महिन्यातली लग्नं आटोपली की जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आपल्या मंडळ्यांत तुलनेने शांतता असते, तोच काळ धरा. तीन महिने झेपत नसतील, तर सहा आठवड्यांनी सुरुवात करा. पगार पूर्ण द्या. बिशपसाहेबांची परवानगी आधी घ्या, कारण प्रभुभोजनासाठी दीक्षित पाळक लागेल. निवृत्त पाळक त्यासाठी आनंदाने येतात. बाकीच्या उपासना शक्यतो आपल्याच लोकांनी चालवाव्यात. दर रविवारी बाहेरून वक्ता बोलावलात, तर मंडळी पुन्हा श्रोत्यांच्या बाकावर जाऊन बसेल.

पाळकांनी डिग्री पूर्ण करायला ही रजा वापरू नये, असं मी आग्रहाने सांगेन. त्यांनी झोपावं, गावी आईजवळ राहावं, दुसऱ्या एखाद्या चर्चमध्ये मागच्या बाकावर पत्नी-मुलांसोबत बसून दुसऱ्याचा उपदेश ऐकावा. मंडळीत भांडण पेटलं असेल, तर मात्र रजेचं नाव काढू नका. तिथे आधी समेट हवा, नाहीतर रजा म्हणजे हकालपट्टी, असा अर्थ लोक लावतील. रजेनंतर निदान एक वर्ष पाळक इथेच राहतील, असं आधी लिहून ठेवावं. अमेरिकेतल्या पुष्कळ मंडळ्या तसं करतात.

आणि फोन. कोणाची माती असली तरी पाळकांना फोन करायचा नाही, हे कमिटीने सर्वांदेखत ठरवावं. निकडीच्या वेळी कोणाला फोन करायचा, त्या दोन वडिलांची नावं सूचनाफलकावर लावावीत. तुमच्या शंकेखोर वडिलांचं नाव त्यात पहिलं घाला. मेंढरांनी काय करायचं, ही काळजी ज्याला सर्वांआधी वाटली, तोच माणूस या कामाला योग्य आहे.