इंडेक्स आहे, तरी उधारीची यादी हळू का? जॉईन क्वेरी तपासायचे पाच टप्पे

आजच्या व्हिडिओसोबतची ही टिपणं. सेव्ह करून ठेवा, कामाच्या वेळी उपयोगी पडतील.

जून लागला की आपल्या बाभुळगावात कपाशी-सोयाबीनच्या बियाण्यासाठी काउंटरवर गर्दी होते. शेतकरी विचारतो, "माझे मागचे किती बाकी आहेत?" आणि बिलिंग सॉफ्टवेअरचं चक्र फिरतच राहतं. मग लोक नवीन कॉम्प्युटरचं कोटेशन मागवतात. थांबा! दोष बऱ्याचदा मशीनचा नसतो, दोन टेबल जोडण्याच्या पद्धतीचा असतो. खालची उदाहरणं मायएस्क्यूएलची आहेत.

इंडेक्स म्हणजे काय?

सातबारा आठवा. तो गट नंबरप्रमाणे असतो. एका खातेदाराची गावात एकूण जमीन किती हे काढायचं, तर गावातला प्रत्येक सातबारा उलटायचा का? नाही. त्यासाठी आठ-अ आहे. खाते नंबर पाहिला की त्या खात्याचे सगळे गट एका जागी. जमीन तीच, शोधायची वाट वेगळी. इंडेक्स तेच काम करतो.

आता हिशोब करू. समजा ग्राहक ३,००० आणि बिलं ४०,०००. जोडायचा रकाना मोबाईल नंबर. इंडेक्स नसेल तर प्रत्येक ग्राहकासाठी सगळी बिलं तपासायची, म्हणजे १२ कोटी तुलना. इंडेक्स क्रमाने लावलेला असतो. दर वेळी अर्धा भाग सोडत गेलं तर ४०,००० मध्ये साधारण १६ पायऱ्यांत जागा सापडते. म्हणजे ३,००० ग्राहकांसाठी सुमारे ४८,००० पायऱ्या.

मायएस्क्यूएल ८.०.१८ पासून हॅश जॉईन आलं, त्यामुळे यादीसाठी पूर्वीइतका मार बसत नाही. पण काउंटरवर एकाच ग्राहकाची बाकी काढायची असेल, तर इंडेक्सशिवाय सगळी बिलं वाचावीच लागतात.

टप्पा १: आधी विचारा, मग दुरुस्त करा

क्वेरीच्या सुरुवातीला ‘एक्सप्लेन’ हा एक शब्द लावून ती चालवा. तीन रकाने बघा.

- ‘टाइप’मध्ये ‘ऑल’ असेल तर पूर्ण टेबल वाचलं जातंय. ‘रेफ’ असेल तर इंडेक्सवरून शोध चाललाय.
- ‘की’मध्ये ‘नल’ असेल तर एकही इंडेक्स वापरलेला नाही.
- ‘रोज’मध्ये अंदाजे किती ओळी तपासाव्या लागतील तो आकडा असतो.

‘ऑल’ दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. टेबल छोटं असेल, किंवा सगळ्यांची यादी हवी असेल, तर एक बाजू पूर्ण वाचणं बरोबरच आहे. मोठ्या टेबलावर एकाच माणसाचा शोध असताना ‘ऑल’ आलं, की समजा गडबड आहे.

टप्पा २: दोन्ही बाजूंचा प्रकार एकच ठेवा

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. ग्राहक टेबलात मोबाईल मजकूर म्हणून, आणि बिल टेबलात संख्या म्हणून. ग्राहकाच्या मोबाईलवर इंडेक्स असूनही तो पडून राहतो. का? मजकूर म्हणून ‘७’ आणि ‘००७’ वेगळे, पण संख्या म्हणून दोन्ही सारखे. त्यामुळे मजकुराच्या क्रमाने लावलेल्या इंडेक्सवर संख्या शोधताच येत नाही.

उपाय: मोबाईलची बेरीज-वजाबाकी आपण करत नाही, म्हणून दोन्हीकडे मजकूरच ठेवा. आधी बॅकअप घ्या. मग पुढचं शून्य, +९१ आणि मधल्या मोकळ्या जागा काढून सगळे नंबर १० अंकी करा. दोन्ही रकान्यांचा कॅरेक्टर सेटही एकच असू द्या.

टप्पा ३: जोडणाऱ्या रकान्यावर इंडेक्स बनवा

‘जॉईन’मध्ये ‘ऑन’नंतर जे रकाने येतात, ते बघा. प्रायमरी कीवर इंडेक्स आपोआप असतो, पण बिल टेबलातल्या मोबाईलवर नसतो. तो तुम्हालाच बनवायचा आहे. एका ग्राहकाची ठरावीक काळातली बिलं नेहमी लागत असतील, तर मोबाईल आणि तारीख असा जोड इंडेक्स करा. क्रम महत्त्वाचा! मोबाईल आधी, तारीख नंतर. नुसत्या तारखेने शोधलं तर या इंडेक्सचा नीट उपयोग होत नाही.

टप्पा ४: रकान्याला फंक्शनमध्ये गुंडाळू नका

‘तारखेतून महिना काढा आणि तो जून आहे का बघा’ असं लिहिलं, की तारखेचा इंडेक्स गेला. त्याऐवजी ‘१ जून २०२५ पासून, १ जुलै २०२५ च्या आधीपर्यंत’ अशी हद्द द्या. नाव शोधतानाही टक्क्याचं चिन्ह सुरुवातीला लावू नका. आडनाव ‘रा’ने सुरू होतं हे इंडेक्सला सापडतं, आडनावात कुठेतरी ‘रा’ आहे हे नाही.

टप्पा ५: पुन्हा तपासा

‘अनालाइझ टेबल’ चालवा, म्हणजे टेबलाची आकडेवारी ताजी होईल. मग पुन्हा ‘एक्सप्लेन’ लावा. ‘की’मध्ये तुमच्या इंडेक्सचं नाव आलं आणि ओळींचा आकडा उतरला, तरच काम झालं म्हणायचं.

आणि हो, प्रत्येक रकान्यावर इंडेक्स लावत सुटू नका. नवीन बिल फाडलं की प्रत्येक इंडेक्समध्येही नोंद होते. जो रकाना शोधायला किंवा जोडायला लागतो, त्यालाच द्या.

आजचा गृहपाठ: तुमची सगळ्यात हळू चालणारी एक यादी निवडा, ‘एक्सप्लेन’ लावा आणि तिन्ही रकाने वहीत लिहून ठेवा. सॉफ्टवेअर दुसऱ्याने बनवून दिलं असेल तर त्याला एवढंच विचारा, "दोन्ही टेबलांत मोबाईलचा प्रकार एकच आहे का, आणि त्यावर इंडेक्स आहे का?" हे उत्तर हातात आल्याशिवाय नवीन मशीनवर एक रुपयाही घालू नका.