मामीकडून आधी सेंट माग

अगं, मिसिसागाच्या मामीने नाण्यांचा डबा पाठवला म्हणून तू इतकी हरखून गेलीस, बरं वाटलं ऐकून. बुटीबोरीत राहून, एमआयडीसीतली शिफ्ट सांभाळून कॅनडाची जुनी नाणी जमवायची म्हणजे काय खूळ, असं तुझ्या जाऊबाई म्हणाल्या म्हणे. म्हणू दे. पण नाद लागलाच आहे, तर नीट लागू दे.

सगळ्यात आधी तो पितांबरीचा डबा ओट्याखाली परत ठेव. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट तर नकोच. तुला काळी पडलेली चांदी बघवत नाही, मला माहीत आहे. आपल्या घरात समईसुद्धा आरशासारखी लागायची. पण नाण्यावरचा तो काळपट थर म्हणजे मळ नाही, वर्षांनी चढलेला रंग आहे. घासलंस की त्याच्याबरोबर नाण्याचा वरचा पापुद्राही जातो, बारीक ओरखडे उमटतात, आणि जाणकार माणूस ते नाणं उजेडात तिरकं धरून एका नजरेत ओळखतो. मग किंमत निम्मीही राहत नाही. फार चिकट असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेव आणि मऊ कापडाने टिपून घे, पुसू नको. लक्ष्मीपूजनाला नाणी लागतात ना, त्यासाठी दोन चांदीची वेगळी ठेव. त्यांना दूध घाल, हळदीकुंकू लाव, काय हवं ते कर. संग्रहातली मात्र पाटावर मांडू नको.

दुसरं, चुंबक घे. एमआयडीसीत तुला चांगलं चुंबक मिळायला काय तोटा? कॅनडाचा दहा सेंट आणि पाव डॉलर १९२० ते १९६६ पर्यंत ८० टक्के चांदीचा होता. १९६७ मध्ये काही नाणी ८० टक्क्यांची निघाली, काही ५० ची, आणि ती दिसायला सारखीच. खरी गंमत १९६८ ची आहे. त्या साली चांदीचीही नाणी निघाली आणि शुद्ध निकेलचीही. चिकटलं तर निकेल, नाही चिकटलं तर चांदी. जुन्या पाव डॉलरचं वजन ५.८३ ग्रॅम, म्हणजे त्यात साधारण ४.६६ ग्रॅम चांदी. नागपूरच्या इतवारीच्या सराफ्यात नेलंस तर ते लोक एवढाच हिशेब करतील आणि गाळायला टाकतील. त्यात त्यांची चूक नाही, त्यांचा धंदाच वजनाचा. तू मात्र साल बघितल्याशिवाय एकही नाणं तिकडे नेऊ नको.

आता जे मला खरं सांगायचंय ते ऐक. कॅनडाची सगळी नाणी जमवायला जाऊ नको. १८५८ पासूनची आहेत, आयुष्य पुरणार नाही आणि पगार तर त्याहून नाही. तू फक्त तिथेच थांब जिथे आपला देश त्या नाण्यावर दिसतो, नाहीतर त्यावरून पुसला जातो.

सहाव्या जॉर्जचं १९४७ पर्यंतचं कुठलंही कॅनडाचं नाणं उलट. राजाच्या डोक्याभोवती लॅटिन अक्षरं आहेत, त्यात शेवटी 'ईटी आयएनडी : आयएमपी' असं आहे. म्हणजे 'आणि हिंदुस्थानचा सम्राट'. ओटावात पडलेल्या एका सेंटवर सुद्धा! ऑगस्ट १९४७ मध्ये आपण स्वतंत्र झालो आणि ती अक्षरं खोटी ठरली. नवे साचे लंडनहून यायला उशीर झाला, इकडे कॅनडात सुट्ट्या पैशांची टंचाई. मग ओटावाच्या टांकसाळीने १९४८ सालात जुन्याच साच्याने नाणी पाडली, साल १९४७ च ठेवलं आणि त्या सालाशेजारी मेपलचं एक एवढंसं पान टाकलं, खूण म्हणून. नवे साचे आल्यावर १९४८ चं साल घातलेली नाणी निघाली, त्यांवर हिंदुस्थान नाही. पण वर्ष सरत आलेलं, म्हणून १९४८ चे चांदीचे डॉलर जेमतेम १८,७८० पडले. संग्राहक त्याच्यामागे वेडे आहेत, आणि त्यामुळेच त्याची नक्कलही भरपूर आहे. खरं नाणं २३.३ ग्रॅमचं आणि ३६ मिलिमीटर रुंदीचं, एवढं डोक्यात ठेव. तू त्या वाटेला जाऊच नको. पानवाले सेंट मात्र कोट्यवधी पडले, ते स्वस्तात मिळतात. सेंटवर तीच गोष्ट लिहिलेली आहे, मग डॉलर कशाला हवा गं?

कॅनडाने २०१२ मध्ये सेंट पाडणं बंद केलं, त्यामुळे तिकडच्या घराघरांत बरण्या भरून सेंट पडून असतात. मामीला सांग, बरणी ओत आणि १९४७ चं वेगळं काढ. भिंग घेऊन बस म्हणावं, पान फार बारीक आहे.

दुसरा धागा उलटा आहे, आणि तो तर तुझ्याच घरात सापडेल. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे चिल्लरीची एवढी टंचाई झाली की सरकारने बाहेरच्या देशांतून नाणी पाडून आणली. गेंड्याची स्टीलची चवन्नी आठवते ना? १९८८ च्या काही चवन्न्यांवर सालाच्या खाली इंग्रजी 'सी' आहे. ती ओटावात पडलेली. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे चलनातून गेले, पण आजींच्या पेटीत, किराणावाल्याच्या गल्ल्याच्या तळाशी अजून असतील. आधी ते धुंडाळ. एकीकडे पानवाला सेंट, शेजारी 'सी'वाली चवन्नी, असा कप्पा तुझ्याकडे झाला की जाऊबाईंना बोलाव बघायला.

आणि हो, १९४३ चं पाच सेंटचं मिळालं तर सोडू नको. युद्धासाठी निकेल हवं होतं म्हणून ते तांबं-जस्ताचं केलं. बारा कोनांचं, मोठ्या व्ही अक्षराचं. कडेला ठिपके आणि रेघा आहेत, ती नक्षी नाही, मोर्स कोड आहे. मनापासून काम केलं की आपण जिंकतो, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य त्यात बसवलंय. तुमच्या कारखान्याच्या गेटवर लावतात तसलंच, फक्त हे खिशातून फिरायचं.

ठेवायची कशी? बाजारात मिळतो तो मऊ, वास मारणारा प्लॅस्टिकचा अल्बम घेऊ नको. आपल्या उन्हाळ्यात तो घाम सोडतो आणि नाण्यांवर हिरवट चिकटा धरतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घे, त्यावर पेन्सिलीने साल आणि कुणाकडून आलं ते लिही. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. नाणं नेहमी कडेने धरायचं, मधे बोट लावायचं नाही.

एक मात्र कडक शब्दांत सांगते. मोबाइलवर 'जुनं नाणं द्या, लाखो घ्या' असं येतं ना, त्याला उत्तरसुद्धा देऊ नको. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन नाहीतर टॅक्स आधी भरा म्हणतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की ती असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला तसा अधिकार दिलेला नाही. तसंच प्लॉटच्या खोदकामात हंडा सापडला म्हणून कुणी पिवळी नाणी दाखवायला आलं, तर दारातूनच वाटेला लाव. बहुतेक वेळा ते पितळ असतं. खरं निघालं तरी १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचं सापडलेलं धन कलेक्टरला कळवावं लागतं, तू कशाला त्यात पडतेस?

सुट्टीच्या दिवशी नागपूरला ये, अजब बंगल्यात जाऊ. १८६३ चं संग्रहालय आहे, लहानपणी आपण तिथे नुसते पेंढा भरलेले प्राणी बघून परत यायचो. आता नाण्यांच्या कपाटापुढे उभी राहा. त्र्यंबकेश्वरला जाणं झालं की वाटेत अंजनेरीची नाणेशास्त्राची संस्थाही बघ, तिथे नाण्यांचं संग्रहालय आहे.

मामीला आजच मेसेज टाक. डॉलरचं नाव काढू नको, नाहीतर ती बिचारी विकत घ्यायला धावेल. नुसते सेंट माग. आणि येताना डबा घेऊन ये, ६८ ची नाणी मी स्वतः चुंबकावर धरून बघणार आहे.