तिरफळ की त्रिफळा?

सुधाच्या वडिलांची बदली साताऱ्याहून मालवणास झाली आणि दिवाळीची सुट्टी संपताच ते कुटुंब समुद्रकाठच्या त्या गावी राहावयास आले. सुधा त्या वेळी सातवीत होती. नवे गाव, नवी शाळा, नव्या मैत्रिणी; सारेच नवे होते. बोलणे तरी आपलेच मराठी असेल, असे तिला वाटले होते. परंतु पहिल्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीत डबा उघडण्यापूर्वी तिने, "आज माझ्याकडे हुलग्याची उसळ आहे," असे सांगितले, तेव्हा दोन-तीन मुली फिसकन हसल्या. हुलगा हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. पण सुधाच्या मनाला ते फार लागले. तिने डबा उघडलाच नाही. समजले नाही तरी कोणास काही विचारावयाचे नाही, असा निश्चय तिने त्या दिवशी करून टाकला.

तिच्या शेजारी एक वृद्ध आजी राहत असत. त्यांचा मुलगा मालवाहू बोटीवर नोकरीस होता. आठ महिन्यांनी तो रजेवर येणार असल्याचे कळल्यापासून आजींना आनंद आवरेना. पण तो यावयाचा त्याच दिवशी त्यांना सणकून ताप भरला. अंथरुणावरून उठण्याचे त्राण त्यांच्यात उरले नाही. सुधाची आई त्यांना पेज देण्यास गेली, तेव्हा आजींच्या डोळ्यांत पाणी होते.

त्या म्हणाल्या, "दर खेपेस तो आला, की पहिल्या जेवणाला तिरफळे घातलेले बांगड्याचे कालवण मी माझ्या हाताने करते. या खेपेस ते होणार नाही."

"तुम्ही पडल्या पडल्या सांगा, आजी. मी करीन," आई म्हणाली. "मला ते ठाऊक नाही, पण तुमच्या सांगण्याप्रमाणे करीन."

आजींचा चेहरा उजळला. सुधाला त्या मालवणी रीतीप्रमाणे 'चेडवा' म्हणत. त्यांनी तिला हाक मारली आणि सांगितले, "चेडवा, बाजारातून तिरफळ आण, सोलां आण आणि सकाळच्या पिठीसाठी थोडे कुळीथ आण. बांगडे शेजारची पोर आणून देईल." आईने त्या यादीत मोहरीची भर घातली.

सुधा पिशवी घेऊन निघाली. तिरफळ, सोलां, कुळीथ हे तीन शब्द ती वाटेने घोकत होती. त्यांतील एकाचाही अर्थ तिला ठाऊक नव्हता. वाण्याच्या दुकानात गर्दी होती. ती एका बाजूस उभी राहून बरण्या आणि पोती न्याहाळू लागली. एका बरणीत काळपट जांभळी आमसुले होती. एका पोत्यात तांबूस चपटे हुलगे होते. परंतु सोलां किंवा कुळीथ अशी चिठ्ठी कोठेच दिसेना. विचारावे, असे एकदा तिच्या मनात आले. तोच दुकानात उभ्या असलेल्या बायका कशावरून तरी हसल्या आणि सुधा तशीच बाहेर पडली.

पलीकडे काष्ठौषधींचे दुकान होते. त्याच्या फळीवर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'त्रिफळा'. सुधाला हायसे वाटले. त्रिफळालाच इकडे तिरफळ म्हणत असावेत, असा तर्क करून तिने पन्नास ग्रॅम चूर्ण घेतले आणि ती घरी परतली. "सोलां आणि कुळीथ बाजारात मिळत नाहीत, मोहरी संध्याकाळी आणीन," असे तिने सांगून टाकले.

आईने वाटण सिद्ध करून ठेवले होते. पुडी सोडून चमचा आत घालणार, इतक्यात आजींनी खाटेवरून हात पुढे केला. "आण पाहू इकडे. वास घेऊ दे."

पुडी नाकाशी नेताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तिरफळाचे पीठ कोणी विकत नाही गे. हे तर औषध! हिरडा, बेहडा आणि आवळा ही तीन फळे सुकवून, कुटून हे चूर्ण करतात. तीन फळे, म्हणून त्रिफळा. पोट साफ होण्यासाठी ते रात्री घेतात. आठ महिन्यांनी घरी आलेल्या माझ्या मुलाला हे कालवणातून वाढले असते, तर बिचाऱ्याची रात्र कशी गेली असती!"

आईला हसू आले. पण सुधाचा चेहरा रडवेला झाला. आजींनी तिला जवळ बसवले.

"रडतेस कशाला? चूक पातेल्याच्या अलीकडे कळली, हे काय थोडे झाले? मला एवढेच सांग, तू दुकानदाराला काय विचारलेस?"

"काहीच नाही," सुधा खाली मान घालून म्हणाली. "मला वाटले, सगळे हसतील."

मग आजींनी तिला आपली एक हकिगत सांगितली. लग्नानंतर त्या नागपुरास राहावयास गेल्या होत्या. तेथे त्यांनी बाजारात सोलां मागितली आणि भाजीवालीने तुरीच्या शेंगांतील हिरवे, कोवळे दाणे त्यांच्या पदरात ओतले. तिकडे त्या सोललेल्या दाण्यांनाच सोले म्हणतात! आजी म्हणाल्या, "तीही खरी आणि मीही खरी. शब्द एक, पण गावे दोन. त्या दिवसापासून मी एक रीत धरली. अनोळखी जिन्नस आणावयाचा असला, की नुसते नाव घेऊन थांबायचे नाही. तो कशात घालतात, ते सांगायचे. तो झाडाचे फळ आहे, साल आहे, की बी आहे, ते विचारायचे. हातात घेऊन बघायचे, वास घ्यायचा आणि पहिल्या खेपेस थोडाच घ्यायचा. ओळख पटेपर्यंत मात्र तोंडात काही टाकायचे नाही. जा आता. मोटार संध्याकाळी येते. अजून वेळ आहे."

सुधा पुन्हा त्याच वाण्याच्या दुकानी गेली. गर्दी आता ओसरली होती. दुकानाचे म्हातारे मालक तराजू पुसत बसले होते. तिने मनाचा हिय्या करून विचारले, "आजोबा, बांगड्याच्या कालवणात घालतात ते तिरफळ कसे असते? मी साताऱ्याची आहे. मी ते पाहिलेले नाही."

म्हातारबुवा हसले नाहीत. त्यांनी एक डबा उघडून चार फळे तिच्या तळहातावर ठेवली. मिऱ्यापेक्षा थोडी मोठी, तपकिरी आणि खरबरीत अशी ती फळे वाळून उकलली होती. आत एकेक काळेभोर, चकचकीत बी होते. सुधाने वास घेतला. लिंबाची साल कुसकरावी, तसा तो वास होता.

"हे कोकणातल्या रानातील काटेरी झाडाचे फळ," ते सांगू लागले. "झाड लिंबाच्याच कुळातले, म्हणून वासही तसा. चीन देशात सिच्वान नावाचा प्रांत आहे. तेथील लोक ज्या झणझणीत फळांवाचून स्वयंपाक करीत नाहीत, ती फळेही याच जातीच्या झाडांची. आपण वापरावयाचे ते साल. बी काढून टाकावे, ते दाताखाली कचकचते. काही लोक याला चिरफळ म्हणतात, तर काही त्रिफळ. म्हणून तर परगावच्या माणसाचा घोटाळा होतो."

"माझाही झाला," सुधा म्हणाली आणि तिने घडलेली हकिगत सांगितली. या वेळी दोघेही हसले. पण त्या हसण्याने तिला मुळीच वाईट वाटले नाही.

"आता सोलां दाखवा. माशाच्याच कालवणात घालतात ती."

मालकांनी मघाचीच बरणी पुढे केली. "अहो, ही तर आमसुले!" सुधा आश्चर्याने उद्गारली. "आमच्याकडे आमटीत घालतात."

"आमसूल म्हण, कोकम म्हण, नाहीतर सोलां म्हण. फळ एकच, रातांबा. उन्हाळ्यात रातांबे पिकले, की ते फोडून साली वेगळ्या करतात. त्या मिठात आणि त्यांच्याच रसात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवतात. ते झाले आमसूल. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. बियांपासून निघते ते कोकमाचे तेल. थंडीत भेगाळलेल्या पायांना लावतात. एका फळाचे तीन जिन्नस झाले; पण एकाऐवजी दुसरा चालत नाही."

आणि कुळीथ? मालकांनी पोत्याकडे बोट दाखवले. ते तर हुलगे होते! डब्यातील उसळ आठवून सुधाला आता स्वतःचेच हसू आले. ज्यांना ती बाजारात शोधत होती, त्यांच्या शेजारीच ती सकाळी उभी होती.

शेवटी मोहरी राहिली. ती तर ओळखीची. तरीही सुधाने दाणे हातावर घेतले आणि विचारले, "ही मोहरीच ना?"

मालकांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिले. "ओळखीच्या वस्तूविषयीही विचारलेस, हे उत्तम केलेस. नावांचा घोटाळा झाला, तर बहुधा हेलपाटा पडतो. रूपाचा घोटाळा मात्र जिवावर बेतू शकतो. पिवळा धोतरा नावाचे काटेरी तण माजते. त्याच्या बिया मोहरीसारख्याच दिसतात. पण त्या विषारी असतात. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली. ते तेल खाल्ल्याने हजारो लोकांच्या अंगावर सूज आली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. म्हणून नीट पाहावे. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो आणि चिरडला, की आतून पिवळा दिसतो. धोतऱ्याचे बी खरबरीत असते आणि आतून पांढरे निघते."

सुधाने एक दाणा नखाखाली चिरडला. तो आतून पिवळा होता.

"आणि पाकिटातील जिन्नस असेल, तर?" तिने विचारले.

"तर वेष्टन वाचावे. हिंगाची ही डबी पाहा. शुद्ध हिंग फार उग्र असतो. म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळतात. ते येथे छापलेले आहे. ज्याला गव्हाचे पदार्थ वर्ज्य आहेत, त्याने हे वाचल्यावाचून डबी घेऊ नये. तारीखही पाहावी."

सुधा घरी पोहोचली, तेव्हा उन्हे कलली होती. आजी खाटेवरून सांगत गेल्या आणि आई करीत गेली. सुधाने तिरफळांतील काळ्या बिया काढून टाकल्या, साली ठेचून थोड्या पाण्यात घातल्या आणि कालवण उतरण्याच्या सुमारास ते पाणी सालींसह पातेल्यात ओतले. घरभर एक निराळाच सुगंध दरवळला.

कुडाळहून येणारी मोटार आली. आजींचा मुलगा घरात शिरला, तो आधी आईच्या उशाशी जाऊन बसला. कपाळावर हात ठेवून त्याने ताप पाहिला. मग एकाएकी मान वर करून तो म्हणाला, "आई, तू आजारी आणि घरात तिरफळाचा वास कसा?"

आजींनी काही न बोलता दारात उभ्या असलेल्या सुधाकडे बोट दाखवले.

त्या रात्री सुधानेही ते कालवण चाखले. जिभेच्या शेंड्याला किंचित झिणझिण्या आल्या. तिरफळाचा तो गुणच आहे, असे आजींनी तिला सांगून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि मैत्रिणींपुढे ठेवला. "आमच्या साताऱ्याला याला हुलगे म्हणतात," ती म्हणाली. मुलींनी डब्यात डोकावून पाहिले. "अगं, हे तर कुळीथ!" एक जण ओरडली आणि साऱ्याजणी हसल्या. सर्वांत मोठ्याने सुधाच हसली. मग तिने एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर दोन रकाने आखले. एकावर लिहिले 'आमच्याकडे', दुसऱ्यावर 'तुमच्याकडे'. वहीभोवती मुलींचा घोळका जमला आणि शाळेची घंटा होईपर्यंत ते पान भरून गेले.

शब्दार्थ

सणकून – जोराचा
त्राण – शक्ती, बळ
पेज – पातळ शिजवलेला, पाणी राखलेला भात
काष्ठौषधी – झाडांची मुळे, साली, फळे इत्यादींपासून मिळणारी औषधे
हिय्या करणे – धैर्य करणे
हेलपाटा – व्यर्थ खेप
वेष्टन – वस्तूभोवतीचे आवरण
वर्ज्य – टाळावयाचे

स्वाध्याय

१. सुधाने कोणास काही न विचारण्याचा निश्चय का केला?
२. तिरफळ आणि त्रिफळा यांतील फरक तीन-चार वाक्यांत सांगा.
३. अनोळखी जिन्नस आणताना आजी कोणती रीत पाळत?
४. "नावांचा घोटाळा झाला, तर बहुधा हेलपाटा पडतो. रूपाचा घोटाळा मात्र जिवावर बेतू शकतो." हे विधान पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
५. रातांब्यापासून कोणते तीन जिन्नस मिळतात? ते कसे ओळखाल?
६. पुढील वाक्प्रचार आपल्या वाक्यांत योजा : मनाला लागणे, हायसे वाटणे, जिवावर बेतणे.
७. आपल्या घरातील पाच जिन्नसांची नावे वडील माणसांना विचारा. दुसऱ्या गावी त्यांना काय म्हणतात, ते शोधून सुधाप्रमाणे दोन रकान्यांत लिहा.