ऑगस्टीनच्या मातीतले लोक

शब्बाथ शाळेत आपण ऑगस्टीन व त्याची प्रार्थनाशील माता मोनिका ह्यांची गोष्ट सांगतो. पण ही मायलेकरे कोणत्या मातीतली, हे सांगायचे बहुधा राहून जाते. ऑगस्टीन इ. स. ३५४ मध्ये थागास्ते येथे जन्मला. ते गाव आज अल्जीरियात सूक अहरास ह्या नावाने आहे. मोनिका हे नाव बर्बर असावे, असे विद्वान मानतात.

मराठीत ‘बर्बर’ म्हणजे रानटी. ग्रीकांनी व रोमी लोकांनीही परभाषिकांना असेच नाव ठेवले होते. हे लोक मात्र स्वतःस इमाझिघेन म्हणवितात आणि त्याचा अर्थ ‘स्वतंत्र माणसे’ असा सांगतात. आपणही वर्गात त्यांचे हेच नाव घ्यावे.

त्यांची रीत पाहावयाची तर मोरोक्कोच्या दक्षिणेकडील डोंगरांतली ‘अगादीर’ पाहावीत. तेथे पाऊस बेभरवशाचा, मुख्य पीक जवाचे. एका चांगल्या वर्षाचे धान्य पुढच्या वाईट वर्षांना पुरवावे लागे. म्हणून गावकरी मिळून किल्ल्यासारखे दगडी कोठार बांधीत. आत बोळाच्या दोन्ही अंगांस एकावर एक खोल्या. वरच्या खोलीत जायचे तर भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांवर पाय देत चढायचे. प्रत्येक कुटुंबाची खोली वेगळी, तिला लाकडी दार व लाकडी कुलूप. जव, बदाम, तेल, दागिने, जमिनीचे कागद, सारे तेथेच. उंदरांसाठी मांजरे पाळीत व त्यांच्या येण्याजाण्यास काही दारांना भोके ठेवीत! राखणदार गाव नेमी. कोठाराचे नियम व चोरीचे दंड लाकडी फळ्यांवर लिहून ठेवीत. धान्य ज्याचे त्याचे, पण भिंत सर्वांची. आज बहुतेक कोठारे ओस पडली आहेत.

ह्या लोकांची भाषा घरात टिकली. पुरुष बाजारपेठेत अरबी, पुढे फ्रेंचही बोलू लागले. चुलीपाशी आणि मागापाशी बायका आपलीच बोली बोलत राहिल्या, आणि मुले ती तेथेच शिकली.

येथे आम्हांस एक गोष्ट खटकते. ऑगस्टीन स्वतः लहानपणापासून लॅटिन बोलला. उत्तर आफ्रिकेतील मंडळीचे शास्त्रवाचन व उपदेश मुख्यतः त्याच शहरी भाषेत होत. डोंगरी लोकांच्या भाषेत त्या काळी पवित्र शास्त्र उतरल्याचा पुरावा नाही. मिसर देशात मात्र ते कॉप्ट भाषेत आले, आणि तेथील मंडळी आजही उभी आहे. ऑगस्टीनच्या देशातील प्राचीन मंडळी पुढील शतकांत नाहीशी झाली. आपसातील फूट, स्वाऱ्या, राज्यांतरे ही कारणेही होतीच. तरी भाषेचे कारण आम्ही लहान समजत नाही.

ह्या भाषेचा झगडा पुढेही चालू राहिला. मार्च १९८० मध्ये अल्जीरियातील तिझी ऊझू येथे मुलूद माम्मेरी ह्यांचे जुन्या काबिली काव्यावरील व्याख्यान सरकारने होऊ दिले नाही, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर आले. मोरोक्कोने २०११ मध्ये व अल्जीरियाने २०१६ मध्ये ह्या भाषेस राज्यघटनेत अधिकृत स्थान दिले.

शिक्षकांनी नकाशावर सूक अहरास व तिझी ऊझू दाखवावीत. मग मुलांना विचारावे : घरी तुम्ही कोणत्या भाषेत प्रार्थना करता, आणि ती तुम्हांस कोणी शिकविली?