कोरफड : गर कोणता, चीक कोणता ?

भगवान बुद्धांनी भिक्षुसंघास औषधी मुळे, पाने, फळे वापरण्याची अनुज्ञा दिली होती. विनयपिटकातील महावग्गात भैषज्याचा स्वतंत्र खंधक असून त्यात हळद, आले, कडुनिंबाची पाने यांचा उल्लेख येतो. परंतु केवळ परंपरा सांगते म्हणून काही स्वीकारू नका, ही कालामांना दिलेली शिकवणही त्यांचीच. त्याच दृष्टीने आपल्या दारातील कोरफडीकडे पाहू या.

भाजले किंवा मार लागला की कातडी लाल होते, सुजते, ठणकते. यालाच दाह म्हणतात. इजा झालेल्या जागी ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन यांसारखी द्रव्ये तयार होतात, रक्तवाहिन्या रुंदावतात व त्यांतून द्रव झिरपतो.

कोरफडीचे पान आडवे कापले की आत पारदर्शक गर दिसतो. त्यात सुमारे ९८ ते ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या अंशात असेमॅनन ही लांब साखळीची शर्करा आणि ब्रॅडिकायनिनचे तुकडे करणारे एक विकर सापडले आहे. सालीलगतचा पिवळा, कडू चीक मात्र निराळा. त्यातील अ‍ॅलॉइन हे जहाल रेचक होय. हाच चीक आटवून काळा बोळ करतात. गरोदर स्त्रियांनी तो मुळीच घेऊ नये. अमेरिकेत २००२ साली विनाचिठ्ठी मिळणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा चीक वगळण्यात आला.

आता अनुभवाची पारख. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहावर इंग्लंडमधील ४४ रुग्णांची चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. चार आठवडे गर घेणाऱ्या ३० पैकी १४ जणांना गुण आला, तर औषध नसलेला द्रव घेणाऱ्या १४ पैकी दोघांना. आकडे आशादायक खरे, पण रुग्ण थोडे. उलट १९९१ साली अमेरिकेत पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळलेल्या २१ स्त्रियांवर अभ्यास झाला. नेहमीच्या मलमपट्टीने जखम सरासरी ५३ दिवसांत भरली, कोरफडीचे जेल लावल्यावर ८३ दिवस लागले ! बाळंतपणाच्या टाक्यांवर गर चोळणाऱ्या आपल्या भगिनींनी हा आकडा अवश्य ध्यानी घ्यावा, असे आम्हांस वाटते.

किरकोळ भाजल्यास आधी भरपूर थंड पाणी ओतावे. कातडी फाटली नसेल तरच गर लावावा. पान कापून काही वेळ उभे ठेवावे, पिवळा चीक निथळू द्यावा, गर धुऊन घ्यावा आणि प्रथम मनगटावर थोडासा लावून पाहावा.