निवडीपूर्वीची घडण

दहावीचा निकाल लागला, की कोणत्या शाखेत जागा मिळेल, वसतिगृहाचा खर्च कसा भागेल, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मुदतीत हाती येईल काय, या विवंचनेने शिरूर आणि दौंड तालुक्यांतील घरे व्यापून जातात; आणि ही विवंचना यथार्थ असली, तरी ज्या मुलासाठी हा सारा खटाटोप चालतो त्याची घडण आजवर कोणाच्या सहवासात आणि कोणत्या कामांत झाली, हा अधिक मूलगामी प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर याच परिसरात सापडते. दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ति मिशन आजही आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, तिने ती विद्या कन्येस दिली, आणि दुष्काळात आईवडील गमावून भावासह देशोदेशी हिंडलेल्या त्या कन्येस १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ म्हणून गौरविले. माहेरची मिळकत काहीच नव्हती. विद्येवर आपलाही अधिकार आहे, ही निःशंक जाणीव मात्र आईकडून आली होती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुली रमाबाईंनी केडगावी आणल्या, तेव्हा अन्नवस्त्रावर न थांबता अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम आणि छापखान्याचे कामही त्यांनी त्या मुलींच्या हाती दिले. केवळ अनाथ म्हणून आलेल्या मुलीस त्यामुळे स्वतःविषयी सांगण्याजोगे दुसरे काही लाभले.

शिरूर तालुक्यातील पाबळचे उदाहरण आपल्या काळाच्या अधिक निकटचे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाची प्रतिष्ठित नोकरी सोडून सपत्नीक त्या अवर्षणग्रस्त गावी आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम स्थापिला. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलांना तेथे वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, पशुपालन हे सारे गावाला खरोखर लागणारी कामे करून आणि त्यांचा जमाखर्च मांडून शिकविले जाऊ लागले. नापास हा शेरा ज्याच्या मनात रुतला आहे, त्याने जोडलेली चौकट शेजारच्या दारी उभी राहिली म्हणजे त्याची स्वतःकडे पाहण्याची दृष्टीच पालटते, आणि गुणपत्रिकेने झालेली हानी पुष्कळ अंशी भरून निघते, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून पालकांनी प्रथम मुलाचा हात कोणत्या कामात रमतो ते पाहावे. मोटारीचा पंप उघडून दुरुस्त करणाऱ्या मुलास आय.टी.आय.मध्ये घालणे म्हणजे त्याची अधोगती नव्हे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपल्यावर तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट त्यास खुली असते, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकताही येते. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती याच तालुक्यांत आहेत. ओळखीच्या कामगारास घरी बोलावून त्याचा दिवस कसा जातो, हे मुलासमोर विचारावे.

‘तुझ्यासाठी जमीन गहाण टाकली’ हे वाक्य मात्र उच्चारू नये, कारण ते ऐकणारा मुलगा स्वतःस विद्यार्थी न मानता कर्जदार मानू लागतो आणि अभ्यास जमत नाही हे सांगण्याचे धैर्यही गमावून बसतो. खर्चाचा आकडा त्याला अवश्य दाखवावा, पण शांतपणे, प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी. मुलीने वीजतंत्रीचे काम शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तर नकार देण्यापूर्वी आईनेच तिच्यासह संस्थेत जावे, कार्यशाळा पाहावी, शिकणाऱ्या मुलींशी बोलावे आणि परतीच्या एस.टी.ची वेळ विचारून घ्यावी.